स्थलांतराचा अभ्यास करायचाय? आधी कोणाला मोजताय ते ठरवा

स्थलांतर आणि गतिशीलता (म्हणजे माणसांची लहानमोठी, तात्पुरतीसुद्धा ये-जा) हा विषय एका विभागात मावत नाही. माणसं का निघतात हे अर्थशास्त्र विचारतं, किती निघतात हे लोकसंख्याशास्त्र, कुठून कुठे जातात हे भूगोल. पोहोचल्यावर त्यांना कोणते हक्क मिळतात हा कायद्याचा प्रश्न, आणि तिथे ती कशी जगतात हा समाजशास्त्राचा नि मानवशास्त्राचा. त्यामुळे या विषयाचे पदव्युत्तर अभ्यासक्रम बहुधा आंतरविद्याशाखीय असतात. पहिल्या सत्रात नवख्या विद्यार्थ्याची तारांबळ उडते तीही त्यामुळेच. चार वर्गांत ‘स्थलांतरित’ हा शब्द चार अर्थांनी येतो आणि थांबून कोणी सांगत नाही. पुढे प्रबंधात होणारे बरेचसे घोळ इथेच सुरू होतात. म्हणून एम.ए.ला किंवा पीएच.डी.च्या पहिल्या वर्षाला असलेल्यांनी कामाचा क्रम कसा लावावा, ते इथे सविस्तर दिलं आहे.

पहिली पायरी : व्याख्येचं पान

वाचनाला लागण्याआधी एक कोरं पान घ्या आणि वर लिहा, ‘माझ्या अभ्यासात स्थलांतरित कोण?’ या प्रश्नाला चार बाजू आहेत. कोणती सीमा ओलांडली (देशाची, राज्याची, जिल्ह्याची की गावाची), किती काळासाठी, आधीचं ठिकाण कशावरून ठरवलं (जन्मस्थान, मागचं वास्तव्य, की पाच वर्षांपूर्वीचं वास्तव्य), आणि कोणाच्या नोंदीवरून ठरवलं. चारही बाजूंची उत्तरं लिहून होईपर्यंत आकडेवारीला हात लावू नका.

संयुक्त राष्ट्रांच्या १९९८च्या शिफारशींनुसार ज्याने नेहमीच्या वास्तव्याचा देश बदलला तो आंतरराष्ट्रीय स्थलांतरित. किमान १२ महिने बदलला तर दीर्घकालीन, ३ ते १२ महिने असेल तर अल्पकालीन. सुट्टी, नातेवाइकांच्या भेटी, व्यावसायिक दौरे, उपचार आणि तीर्थयात्रा यातून वगळल्या आहेत. २०२१ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सांख्यिकी आयोगाने नवी संकल्पनात्मक चौकट मान्य केली. तिने स्थलांतरासोबत तात्पुरत्या गतिशीलतेलाही जागा दिली. ‘निर्वासित’ हा मात्र कायद्याचा शब्द आहे. १९५१चा निर्वासितविषयक आंतरराष्ट्रीय करार सांगतो की वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, विशिष्ट सामाजिक गटाचं सदस्यत्व किंवा राजकीय मत या पाच कारणांपैकी एखाद्यामुळे छळ होण्याची सकारण भीती असावी आणि माणूस स्वतःच्या देशाबाहेर असावा. मूळ करार १ जानेवारी १९५१ पूर्वीच्या घटनांपुरता होता. ती मर्यादा १९६७च्या प्रोटोकॉलने काढली. पूर किंवा दुष्काळ या पाच कारणांत येत नाही. ‘हवामान निर्वासित’ असा शब्द प्रबंधाच्या शीर्षकात घातलात, तर कायद्याच्या बाजूचा परीक्षक पहिला प्रश्न त्यावरच विचारणार.

आता ही पट्टी एका माणसाला लावून पाहा. एक बांधकाम मजूर दरवर्षी चार महिने दुसऱ्या जिल्ह्यात कामाला जातो आणि पेरणीच्या वेळी परततो. १९९८च्या व्याख्येत तो बसत नाही, कारण त्याने देशाची सीमा ओलांडलेली नाही. निर्वासितांच्या कायद्यात अर्थातच नाही. जनगणना होते तेव्हा तो घरी असेल, तर मागचं वास्तव्य विचारणाऱ्या प्रश्नातही त्याची ये-जा उमटेलच असं नाही. भारताच्या राष्ट्रीय नमुना पाहणीची ६४वी फेरी (२००७-०८) मात्र त्याला पकडते. तिथे रोजगारासाठी मागच्या ३६५ दिवसांत एक महिना किंवा अधिक, पण सहा महिन्यांहून कमी काळ बाहेर राहिलेल्यांची वेगळी नोंद होती. गतिशीलतेचा अभ्यासक तर त्याच्यापासूनच सुरुवात करेल. माणूस एकच, आणि आकडेवारीत तो कधी असतो, कधी गायब होतो. तुमच्या प्रश्नातल्या माणसाची अशीच झडती घ्या. तो ज्या व्याख्येतून निसटतो, ती व्याख्या वापरणारी आकडेवारी तुमच्या कामाची नाही, मग ती कितीही सहज मिळो.

उलटंही घडतं. सोव्हिएत संघ १९९१ मध्ये विघटित झाला तेव्हा एका प्रजासत्ताकात जन्मलेली आणि दुसऱ्यात राहणारी लाखो माणसं घरातून न हलता आंतरराष्ट्रीय स्थलांतरितांच्या आकड्यात आली. त्यांचं अंतर्गत स्थलांतर आधीच झालेलं होतं, सीमा नंतर आली. १९९०च्या आसपासच्या आकड्यांची उडी पाहून ‘स्थलांतर वाढलं’ असं लिहिण्याआधी नकाशा बदलला का ते तपासा.

आकडे वाचायला शिका

संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजानुसार २०२० मध्ये जगात सुमारे २८ कोटी १० लाख आणि २०२४ मध्ये सुमारे ३० कोटी ४० लाख आंतरराष्ट्रीय स्थलांतरित होते, म्हणजे जगाच्या लोकसंख्येच्या चार टक्क्यांहूनही कमी. हा साठ्याचा आकडा आहे. त्या वर्षी जन्मदेशाबाहेर राहत असलेली सगळी माणसं त्यात येतात, चाळीस वर्षांपूर्वी आलेली आजीसुद्धा. एका वर्षात किती आले आणि किती गेले हा प्रवाहाचा आकडा वेगळा असतो. दोन वर्षांच्या साठ्यांची वजाबाकी म्हणजे प्रवाह नव्हे, कारण मधल्या काळात काही माणसं परतली आणि काही वारली. निव्वळ स्थलांतर (आलेल्यांतून गेलेले वजा) शून्य असलेल्या शहरातही दरवर्षी लाखभर येणारे आणि लाखभर जाणारे असू शकतात.

शिवाय, जिथे जन्मदेशाची माहिती मिळत नाही तिथे हा अंदाज नागरिकत्वावरून केलेला असतो. अशा देशात परदेशी पालकांच्या पोटी तिथेच जन्मलेलं मूल स्थलांतरितांत मोजलं जाऊ शकतं, आणि नागरिकत्व मिळालेला माणूस वगळला जाऊ शकतो. दोन देशांची तुलना करणार असाल तर प्रत्येकाच्या पुढे ‘जन्मावरून’ की ‘नागरिकत्वावरून’ हे तक्त्यातच लिहा.

सीमेवर अडवलेल्यांचे आकडे बातम्यांत सगळ्यात जास्त दिसतात आणि सगळ्यात जास्त फसवतात. तिथे घटना मोजलेल्या असतात. एकच माणूस तीनदा अडवला गेला तर तीन नोंदी होतात. गस्त वाढली तरी आकडा वाढतो. या आकड्यावरून माणसांची संख्या काढता येत नाही, फार तर अंमलबजावणीचा कल सांगता येतो.

सिद्धांत : पाठ करू नका, त्यांची प्रश्नावली करून पाहा

वाचनयादी लांबलचक असते. रेव्हनस्टाइनचे १८८५चे स्थलांतराचे ‘नियम’, एव्हरेट ली यांची १९६६ची मांडणी, हॅरिस आणि टोडारो (१९७०), झेलिन्स्की यांचा गतिशीलतेच्या संक्रमणाचा विचार (१९७१), स्टार्क आणि ब्लूम (१९८५), कार्लिंग यांची आकांक्षा आणि क्षमता यांची जोडी (२००२), शेलर आणि अरी यांचा गतिशीलतेचा नवा दृष्टिकोन (२००६). हे सगळं सारांशाच्या रूपात वहीत उतरवण्यात महिना जातो आणि हाती काही लागत नाही. त्यापेक्षा प्रत्येक सिद्धांताला तीन प्रश्न विचारा. निर्णय कोण घेतं? सिद्धांत खरा ठरायला कोणती माहिती लागेल? त्याला काय दिसत नाही?

उदाहरणार्थ, हॅरिस-टोडारो. शहरात बेकारी असतानाही माणसं तिकडे का जातात, याचं त्यांचं उत्तर असं : माणूस शहरातली मजुरी पाहतोच, पण काम मिळण्याच्या शक्यतेने तिला गुणून येणारी अपेक्षित मजुरी तो गावच्या मजुरीशी ताडून पाहतो. इथे निर्णय एकट्याचा आहे. प्रश्नावलीत त्या व्यक्तीची दोन्हीकडची मजुरी आणि काम मिळायला लागलेला वेळ एवढं आलं की भागतं. स्टार्क आणि ब्लूम यांच्या मांडणीत निर्णय कुटुंबाचा. पिकाचा विमा नाही, कर्ज मिळत नाही, म्हणून एकाला बाहेर पाठवून जोखीम वाटून घेतली जाते. आता प्रश्नावली बदलते. घरातल्या प्रत्येकाचं उत्पन्न, जमीन, कर्ज, मागच्या वाईट हंगामात काय विकलं, बाहेरून पैसे कधी आले आणि कशावर खर्च झाले, हे सगळं विचारावं लागतं. सिद्धांत दुसरा निवडून प्रश्नावली पहिल्याची वापरली, तर शेवटच्या प्रकरणात सांगायला काही उरत नाही. ही चूक फार वेळा होते आणि फील्डवर्क आटोपल्यावरच लक्षात येते. तोवर परत जाण्याइतका वेळ आणि पैसा उरलेला नसतो.

‘ढकलणारे आणि खेचणारे घटक’ (गाव सोडायला लावणारी आणि शहराकडे ओढणारी कारणं) एवढ्यावर प्रबंध उभा करू नका. सुरुवातीची यादी करायला ती जोडी बरी आहे. पण एकाच गावातले, एकाच परिस्थितीतले दहा जण राहतात आणि दोघं जातात ते का, याचं उत्तर तिच्याकडे नाही. तिथे नातेवाइकांची साखळी, आधी गेलेल्यांकडून मिळणारी माहिती, मध्यस्थ, कागदपत्रं आणि जाण्याची ऐपत यांच्याकडे वळावं लागतं. जे गेले नाहीत त्यांचाही अभ्यास करा. न हलणं हीसुद्धा समजून घ्यायची गोष्ट आहे.

अभ्यासक्रम आणि गाइड निवडताना

जाहिरातीतलं ‘आंतरविद्याशाखीय’ बाजूला ठेवा आणि अभ्यासक्रमाची पुस्तिका उघडा. संशोधन पद्धतींना किती क्रेडिट आहेत? संख्यात्मक आणि गुणात्मक दोन्ही सक्तीच्या आहेत का? दोन वेगवेगळ्या विभागांतले गाइड घेता येतात का, आणि त्यांच्यात मतभेद झाले तर निर्णय कोणाचा? पदवी कोणत्या विभागाच्या नावाने मिळते? या शेवटच्या प्रश्नाकडे विद्यार्थी दुर्लक्ष करतात, पण पुढे नोकरीच्या जाहिरातीत ‘संबंधित विषयातील पदवी’ मागतात तेव्हा तो नडतो. प्रत्येक केंद्राचा कलही वेगळा असतो. ऑक्सफर्डचं निर्वासित अभ्यास केंद्र १९८२ पासून सक्तीच्या विस्थापनावर काम करतं. जोहान्सबर्गचं विटवॉटर्सरँड विद्यापीठ, कैरोचं अमेरिकन विद्यापीठ आणि स्वीडनचं माल्मो विद्यापीठ इथेही या विषयाची स्वतंत्र केंद्रं आहेत. तिथल्या प्राध्यापकांचे अलीकडचे दोन-तीन लेख वाचून ते कोणती माहिती वापरतात ते पाहा. तुमच्या प्रश्नाला लागणारी पद्धत तिथे कोणालाच येत नसेल, तर नाव मोठं असूनही ती जागा तुमच्यासाठी नाही.

दोन विद्याशाखा, त्याहून जास्त नकोत

सगळ्यांतलं थोडं थोडं घेतलं की प्रबंध पातळ होतो. एक विद्याशाखा घरची माना. तिचे नियम, तिची पद्धत, तिची नियतकालिकं तुम्हाला नीट यायला हवीत. दुसरी पाहुणी, आणि तिच्याकडून एकच नेमकी गोष्ट घ्यायची. दुसरी पद्धत खरंच लागते का, हे तपासायची साधी युक्ती आहे. ती काढून टाका आणि निष्कर्ष बदलतो का ते पाहा. बदलत नसेल तर ती सजावट आहे.

घरी पाठवल्या जाणाऱ्या पैशांचं उदाहरण घ्या. पाहणीतून कळतं की किती पैसे आले. ते कोणत्या वाटेने आले हेही पाहणीत येतं, पण बँक टाळून ओळखीच्या माणसाहाती का पाठवले याचं कारण कायद्यात सापडू शकतं. राहण्याचा परवाना नाही, म्हणून खातं उघडता येत नाही. खर्चाचा निर्णय सासूचा की सुनेचा हे मुलाखतीशिवाय कळत नाही. इथे कायदा आणि मुलाखत दोन्ही निष्कर्ष बदलतात. पण तुमच्या हाती दोन वर्षं असतील तर यातलं एकच निवडा.

क्रमही आधी ठरवा. पाहणी आधी केली, तर तिच्यातून मुलाखतीची माणसं निवडता येतात, विशेषतः सर्वसाधारण चित्रात न बसणारी. मुलाखती आधी केल्या, तर पाहणीचे प्रश्न लोकांच्या भाषेत लिहिता येतात. दोन्ही एकाच वेळी केल्या तर सहसा यातला कोणताच फायदा मिळत नाही. आणि दोन पद्धतींची उत्तरं जुळली नाहीत तर घाबरू नका, बहुतेक वेळा अभ्यासाचा खरा ऐवज तिथेच असतो. जनगणनेसारख्या नोंदीत स्थलांतराचं एकच कारण निवडावं लागतं. बाई ‘लग्न’ सांगते. मुलाखतीत कळतं की ती लग्नानंतर महिनाभरात कामाला लागली आणि काम मिळणार हे आधीच ठरलेलं होतं. दोन्ही उत्तरं खरी आहेत, फक्त पहिल्या नोंदीत तिचं काम दिसत नाही.

नमुना : कोण सुटलं ते लिहून ठेवा

फक्त पोहोचण्याच्या ठिकाणी पाहणी केली, तर जे परत गेले ते सुटतात, आणि परतणारे बहुधा फार यशस्वी किंवा फार अपयशी असू शकतात. फक्त मूळ गावी केली, तर अख्खं घर बंद करून गेलेली कुटुंबं सुटतात, कारण दार उघडून उत्तर द्यायला कोणी नसतं. केरळमधल्या १९९८ पासूनच्या स्थलांतर पाहणीसारख्या घरोघरच्या मोठ्या पाहण्यांनाही ही मर्यादा असतेच. १९८२ मध्ये सुरू झालेल्या मेक्सिकन मायग्रेशन प्रोजेक्टने मूळ गावांतल्या कुटुंबांसोबत त्याच गावांतून अमेरिकेत स्थिरावलेली काही कुटुंबंही घेतली. विद्यार्थ्याच्या बजेटमध्ये एवढं जमणार नाही. पण गावातली बंद घरं मोजून शेजाऱ्यांकडून ‘कोण, कधी, कुठे’ एवढी तीन उत्तरं घेणं नक्की जमतं. तो छोटा तक्ता प्रबंधाचं वजन वाढवतो.

ओळखीतून ओळख गाठत जाण्याची स्नोबॉल पद्धत या विषयात अटळ आहे, कारण यादी कोणाकडेच नसते. धोका असा की एकाच धर्मस्थळातून किंवा एकाच संघटनेतून सुरू केलंत तर सगळे तिथलेच मिळतात. निदान पाच-सहा वेगळ्या जागांहून सुरुवात करा (दुकान, भाषावर्ग, दवाखाना, कामाचा नाका, वसतिगृह) आणि एका माणसाकडून पुढची दोन किंवा तीनच नावं घ्या. कोण कोणाकडून मिळालं याची साखळी सांकेतिक क्रमांकांनी नोंदवत राहा.

प्रवासाचा इतिहास घेताना ‘तुम्ही कुठे कुठे राहिलात?’ असं नुसतं विचारू नका, लोक छोटे मुक्काम विसरतात. मोठ्या कागदावर तक्ता आखा. ओळींमध्ये वर्षं आणि रकान्यांमध्ये वास्तव्य, काम, लग्न-मुलं, कागदपत्रांची स्थिती. आधी पक्क्या खुणा भरा, म्हणजे मुलांचे जन्म, निवडणूक, पूर, घरातला मृत्यू. मग त्यांच्या आगेमागे बाकीचं भरत जा. ‘धाकटी झाली तेव्हा कुठे होता?’ या प्रश्नाला लगेच उत्तर येतं, ‘२००९ मध्ये कुठे होता?’ याला येत नाही. कागद दोघांच्या मध्ये ठेवा. समोरचा माणूस स्वतःच चुका दुरुस्त करतो.

वेळेचा हिशेब

एम.ए.च्या प्रबंधाला १५ ते २५ सखोल मुलाखती पुरतात. एका तासाच्या ध्वनिमुद्रणाचं शब्दांकन करायला पाच-सहा तास लागतात. सव्वा तासाच्या २० मुलाखती म्हणजे २५ तासांचं ध्वनिमुद्रण आणि १२५ ते १५० तासांचं शब्दांकन, तेही भाषांतर धरून नाही. नैतिकता समितीची परवानगी मिळायला दोन-तीन महिने धरा, कारण असुरक्षित गटांवरचा अभ्यास सहसा एका फेरीत मंजूर होत नाही. म्हणून अर्ज पहिल्या वर्षाच्या शेवटाआधी जायलाच हवा.

नैतिकता : जे गोळा केलं नाही ते फुटत नाही

कागदपत्रं नसलेल्या माणसाकडून संमतीपत्रावर सही घेणं म्हणजे त्याच्या नावाचा पुरावा तयार करणं. अशा अभ्यासात तोंडी संमती घ्यावी. माहितीपत्रक वाचून दाखवावं आणि संमती मिळाल्याची नोंद सांकेतिक क्रमांकाने करावी. यासाठी समितीकडून लेखी सहीची सूट आधीच मागून घ्या. सीमा कशी ओलांडली, कोणी पोहोचवलं, किती पैसे दिले हे तुमच्या प्रश्नाला लागत नसेल तर विचारूच नका. माणूस आपणहून सांगू लागला तर ध्वनिमुद्रण थांबवा. संशोधकाची टिपणं न्यायालय मागवू शकतं, आणि सीमेवर फोन व लॅपटॉप तपासले जाऊ शकतात. फाइल कूटबद्ध करून सुरक्षित सर्व्हरवर चढवा आणि प्रवासाआधी उपकरणावरून पुसून टाका. नाव आणि क्रमांक जोडणारी किल्ली वेगळ्या जागी ठेवा.

नाव बदललं की ओळख लपली, असं मानू नका. गावाचं नाव, निघाल्याचं वर्ष आणि व्यवसाय हे तीन तपशील एकत्र आले की त्या समाजातला कोणीही माणूस ओळखतो. यातला किमान एक सैल करा. ‘२०१४’ ऐवजी ‘२०१०च्या दशकात’, गावाऐवजी प्रदेश.

दुभाषा त्याच समाजातला असेल तर भाषा सुटते, पण माणसं बोलायची थांबतात. विशेषतः कर्ज, कौटुंबिक हिंसा आणि राजकारण यांवर. मुलाखतीआधी दुभाषा नको म्हणायची मोकळीक द्या आणि दुसऱ्या दुभाष्याची सोय ठेवा. आश्रयाचा अर्ज प्रलंबित असलेला माणूस तुम्हाला अधिकारी समजू शकतो. तुमच्याशी बोलून त्याच्या अर्जाला फायदा होणार नाही आणि नुकसानही होणार नाही, हे सुरुवातीला आणि शेवटी अशा दोन्ही वेळी स्पष्ट सांगा. मोफत कायदेशीर मदत आणि समुपदेशन कुठे मिळतं याची ताजी यादी सोबत असू द्या, कारण ‘मी आता काय करू?’ हा प्रश्न येणारच.

काम संपल्यावर प्रश्नावली, सांकेतिक पुस्तिका (उत्तरांना दिलेल्या संकेतांचे अर्थ सांगणारी) आणि आकड्यांचे तक्ते अभिलेखागारात देता येतात. मुलाखतींची पूर्ण शब्दांकनं द्यायची असतील तर त्याची संमती पहिल्याच भेटीत वेगळ्या प्रश्नाने घेतलेली असायला हवी. नंतर ती माणसं सापडत नाहीत, त्यांचा पत्ता बदललेला असतो.